पाटावरून दिसलेली माणसं

“मुलगी कुठे आहे?” मोमीन सरांनी विचारलं.

वर्गात आम्ही एकवीस जण होतो, त्यात मुली सहा. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधलेली असायची आणि सोमवारी सकाळी, घरून काढून आणलेली चित्रं आम्ही चिमट्यांनी तिच्यावर लटकवायचो. सर हातात लाकडी पट्टी घेऊन एकेका चित्रासमोर थांबायचे. त्या सोमवारी ते माझ्या चित्रासमोर थांबले होते आणि त्यांना त्यात मुलगी सापडत नव्हती.

ही १९८७ च्या जानेवारीतली गोष्ट. मी वीस वर्षांची होते. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ड्रॉइंग टीचरचा दोन वर्षांचा कोर्स करत होते आणि पहिलं वर्ष अर्धं झालं होतं. माझे वडील एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. मला या कोर्सला घालायला ते फार खूश नव्हते, पण अडवलंही नव्हतं. “बारावीनंतर घरी बसून तरी काय करणार,” एवढंच म्हणाले होते.

पहिले काही महिने आम्ही मडकी, कापडाच्या चुण्या, हातपाय असं काढत होतो. डिसेंबरपासून सरांनी कंपोझिशन सुरू केलं. म्हणजे वस्तू किंवा माणसं नुसती काढायची नाहीत, कागदावर मांडायची. सर सांगायचे, कागद ही खोली समजा. बघणाऱ्याची नजर कुठून आत शिरते, कुठे टेकते, कुठून बाहेर पडते, हे तुम्ही ठरवायचं. मुख्य विषय नेमका मध्ये ठेवू नका. सगळी डोकी एका उंचीवर आणू नका, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं होतं. माणसाचा हात कागदाच्या कडेनं मनगटात तोडू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्रातली माणसं कुठे बघतायत ते सांभाळा. “माणसाची नजर ही चित्रातली सगळ्यात जोरदार रेघ असते,” ते म्हणायचे, “आणि ती काढावी लागत नाही.” चित्रातल्या नजरा मुख्य विषयाकडे गेल्या पाहिजेत, म्हणजे आपली नजरही त्यांच्या मागोमाग तिथे जाते. हा नियम त्यांनी आमच्याकडून वहीत लिहून घेतला होता.

त्या आठवड्याचा अभ्यास होता, घरातला प्रसंग, किमान सहा माणसं.

आमच्या घरात त्याच रविवारी एक प्रसंग झाला होता. नंदुरबारची माणसं मला बघायला आली होती. मुलगा सुरतेला बँकेत होता. त्याचे वडील लहानपणीच गेले होते, म्हणून सगळं बोलणं त्याच्या मामांच्या हातात. भास्करमामा. त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी मला दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं, मी चालून दाखवलं. मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्र काढून एक बातमी वाचायला लावली. मग त्यांचं लक्ष माझ्या नखांकडे गेलं. चारकोल कितीही घासला तरी नखांतून पुरता निघत नाही. हा कसला मळ, असं त्यांनी मुलाच्या आईला विचारलं आणि सगळे हसले. आणखीही एकदोन गोष्टी झाल्या. शेजारणीनं निरोप दिला होता की मुलीनं मान खाली ठेवावी. मी ठेवली नाही.

संध्याकाळी ते गेल्यावर मी कागद लावला आणि जे दिसलं होतं ते काढलं. मी पाटावर बसले होते आणि ती सगळी खुर्च्यांवर, खाटेवर. म्हणून डोळ्यांची पातळी कागदाच्या पार खाली आली. पुढे गुडघेच गुडघे, धोतराच्या निऱ्या, पँटची इस्त्री, साडीचे काठ, आणि त्यावर खाली वाकून बघणारे चेहरे. मुलगा, त्याची आई, त्याची काकू, मध्ये भास्करमामा, स्थळ आणणारे आमच्या गल्लीतले तोताराम तात्या, आणि उजव्या कडेला खाटेच्या कोपऱ्यावर नाना. सहा माणसं झाली.

“मुलगी बघायचा कार्यक्रम आहे आणि मुलगीच नाही,” सर म्हणाले. वर्ग हसला.

“सर, मुलगी बघत होती,” मी म्हणाले.

वर्ग आणखी हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, माणसं चांगली काढलीयस, मधल्या माणसाची अंगठीसुद्धा ओळखू येते. पण सगळे कागदाच्या बाहेर बघतायत. बाहेर जाऊन बघावं तर तिथे मी उभा. मुख्य विषयच खोलीत नाही, मग नजर टेकणार कुठे? डाव्या बाजूला पुढे मुलगी बसव, हातात ट्रे दे, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळव. गुरुवारी नवीन चित्र आण.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. तीन संध्याकाळी बसून चार चित्रं केली. एकात मुलगी डावीकडे ट्रे घेऊन, एकात दारातून आत येताना, एकात पाठमोरी, एकात बसलेली. चारही नियमांत बसत होती. नजर शिरायची, मुलीवर टेकायची, मामांच्या टोपीवरून फिरून परत मुलीवर यायची. आईनं ट्रेवालं चित्र बघितलं आणि म्हणाली, छान आहे, कॅलेंडरसारखं आलंय. ते खरंच होतं. प्रत्येक वेळी मुलगी काढली की तिची मान आपोआप खाली जायची. वर ठेवली तर ती निर्लज्ज दिसायची, खाली घातली तर ती मी नसायचे.

बुधवारी नंदुरबारहून पत्र आलं. मुलगी पसंत होती. लग्न वैशाखात. कोर्स अर्थातच सोडावा लागेल, कारण मुलाला सुरतेला जेवायचे हाल होतात. सुपारी फोडायची तारीख फेब्रुवारीतल्या दुसऱ्या बुधवारी धरली होती. आईनं शिरा केला. नानांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि घर चांगलं आहे असं म्हणाले. मला कोणी काही विचारलं नाही. माझ्या पाठच्या मंगलनं तेवढं विचारलं, तुला आवडला का गं तो? मी तिला म्हटलं, मी त्याचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही.

गुरुवारी मी पहिलंच चित्र परत लटकवलं.

“नवीन कुठे आहे?” सरांनी विचारलं.

“हेच ठेवायचंय सर.”

ते म्हणाले, नियम मोडायचा तर आधी पाळता आला पाहिजे. मी माझ्या ड्रॉइंग बोर्डाखालून ती चारही चित्रं काढून टेबलावर मांडली. सरांनी प्रत्येक नीट बघितलं, ट्रेवालं हातात घेतलं आणि म्हणाले, हे बरोबर आहे, याला मी अठरा देईन.

“ते खोटं आहे, सर. मी खाली बघत नव्हते.”

मोमीन सर रागावत नसत. त्यांनी माझ्या मूळ चित्रामागे निळ्या पेन्सिलीनं पंचवीसपैकी नऊ लिहिलं आणि खाली, “नजर बाहेर जाते.” मी ते वाचलं, थँक्यू म्हटलं आणि जागेवर जाऊन बसले. वर्षाच्या निकालात हे गुण धरले जायचे आणि शाळेपासून कधी मला इतके कमी पडले नव्हते. पण ट्रेवालं चित्र मी घरी जाऊन चुलीत घातलं. बाकीची तीनही.

फेब्रुवारीत कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन असायचं, शुक्रवार ते सोमवार. गुरुवारी दुपारी आम्ही हॉलमध्ये चित्रं लावत होतो. माझी दोन स्थिरचित्रं निवडली गेली होती. ते नऊ मार्कांचं चित्र न लावायच्या गठ्ठ्यात होतं. सर गठ्ठा चाळत होते, ते चित्र त्यांनी बाजूला काढलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. मग ते लांब जाऊन उभे राहिले. परत जवळ आले. टेबलावरचा पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन त्यांनी मुलाचा चेहरा झाकला, मग त्याच्या आईचा, मग मामांचा. असं एकेक करत ते उजव्या कडेपर्यंत गेले. शेवटी नाना झाकले, आणि पुठ्ठा बराच वेळ तिथेच धरून ठेवला. काढला. परत धरला.

“हेमलता, इकडे ये. हा कोण?”

“माझे वडील.”

“हा कुठे बघतोय?”

मी बघितलं. मीच काढलं होतं, पण त्या दृष्टीनं मी ते कधी बघितलं नव्हतं. पाच माणसं समोर बघत होती. नाना समोर बघत नव्हते. हात गुडघ्यांत दाबून, अंग पुढे झुकवून, ते मान वळवून मामांच्या तोंडाकडे बघत होते. मामा हसतायत की नाही, तेवढंच.

“पाच जण एकीकडे आणि एक दुसरीकडे बघत असेल, तर आपण कोणाकडे बघतो?” सर म्हणाले. “त्या एकाकडे. हा झाकला की चित्र विस्कटतं, काढला की उभं राहतं. मी तुला मुलगी घाल म्हणून सांगत होतो. हे मुलीचं चित्रच नाही. तुझ्या वडलांचं आहे.”

सरांनी विचारलं, ते त्या वेळी काही म्हणाले होते का? मी सांगितलं नाही. ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

सरांनी मागचा नऊचा आकडा खोडला नाही. ते म्हणाले, चूक माझी होती, ती राहू दे. मग त्यांनी शिडी मागवली आणि ते चित्र समोरच्या भिंतीवर, बाकी चित्रांपेक्षा हातभर उंच लावलं. बघणाऱ्याला मान वर करावी लागेल इतकं. खाली चिठ्ठी लावली, “रविवार. हेमलता कापुरे, प्रथम वर्ष.” घरी कळलं तर अडचण होईल का, असंही त्यांनी मला विचारलं. होईल, मी म्हणाले. तरी लावा.

शुक्रवारी तोताराम तात्या नातवाला घेऊन प्रदर्शन बघायला आले. ते त्या चित्रासमोर उभे राहिले, स्वतःला ओळखलं, मग मामांना, आणि तडक पोस्टात जाऊन त्यांनी नंदुरबारला ट्रंक कॉल लावला. शनिवारी सकाळच्या गाडीनं भास्करमामा आले. त्यांनी आधी हॉलमध्ये येऊन चित्र बघितलं. मी पलीकडे अभिप्रायाच्या वहीजवळ बसले होते, पण त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखायचं नव्हतं. दोन पोरं चित्राखाली उभी राहून अंगठीकडे बोट दाखवत हसत होती. मामा तिथून सरळ स्टँडवर गेले.

दुपारी एकच्या सुमाराला नाना आले. अंगावर खाकी कपडे, खिशात गाड्यांच्या वेळांची वही. इतकी वर्षं एकाच गावात राहून ते आमच्या कॉलेजमध्ये पहिल्यांदाच येत होते. मामा मागोमाग होते, पण ते दारातच थांबले. हॉलमध्ये मी आणि सर दोघंच होतो. नाना सरांना नमस्कार करून माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “हेमा, ते काढ.”

“मी नाही काढणार.”

“हट्ट करायची वेळ आहे का ही? बुधवारी सुपारी आहे.”

“म्हणूनच नाही काढणार.”

नाना दाराकडे बघून आणखी हळू बोलायला लागले. या माणसांचा भागात मान आहे, म्हणाले. चार लोकांत हसू झालं तर ते सोडणार नाहीत. आणि मंगल आहे तुझ्या पाठीवर, तिच्या वेळी आपल्या दारात कोण येईल, याचा विचार केलास का?

“केला. तिलाही पाटावर बसवाल ना तुम्ही.”

मी नानांशी असं कधीच बोलले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. मला वाटलं ते मारतील. सर खुर्चीतून उठले, पण पुढे आले नाहीत. मी म्हणाले, तुम्हाला काढायचं असेल तर काढा, शिडी तिथे आहे. मी हात लावणार नाही.

नाना समोरच्या भिंतीकडे गेले. शिडी ओढून त्यांनी चित्राखाली लावली, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि वर बघितलं.

तोवर त्यांनी चित्र नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी पाय खाली घेतला. शिडी बाजूला सरकवली, कारण ती मध्ये येत होती. मान वर करून ते बघत राहिले. मुलगा, आई, काकू, मामा, तात्या. एकेका चेहऱ्यावर थांबत ते उजवीकडे गेले आणि तिथेच थांबले. मी त्यांच्यामागे चार हातांवर उभी होते.

“सगळे माझ्याकडेच बघतायत,” ते म्हणाले.

“तुमच्याकडे नाही, नाना. तिथे मी बसले होते.”

त्यांनी परत उजव्या कडेकडे बघितलं. मग म्हणाले, “आणि मी?”

“तुम्ही मामांकडे बघताय. मामांनी मला विचारलं होतं, लग्नानंतर कॉलेजचं काय करशील. मला विचारलं होतं, नाना. मी बोलणार होते. तेवढ्यात तुम्ही…”

“मी म्हणालो, कॉलेजचं काय घेऊन बसलात, पोर वेळ घालवायला जाते,” नाना म्हणाले. “सांगाल त्या दिवशी सोडेल.”

त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होता. मला वाटलं होतं, ते विसरले असतील.

दारातून मामांचा आवाज आला, “कापुरे, काढताय ना? मला दोनची गाडी धरायचीय.”

नानांनी मान वळवली नाही. एखादा प्रवासी गाडीची वेळ विचारतो तेव्हा सांगावं तशा साध्या आवाजात ते म्हणाले, “प्रदर्शन सोमवारी पाचपर्यंत आहे, मामा. तोवर चित्र राहील.”

“आणि बुधवारचं काय?”

“ते तिला विचारा.”

मामा पहिल्यांदाच हॉलच्या आत दोन पावलं आले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी काही विचारलं नाही. मीच सांगितलं, “मी दुसरं वर्ष पूर्ण करणार आहे. नोकरी करणार आहे. ज्यांना चालेल त्यांनी यावं.” मामा नानांच्या पाठीकडे बघत होते, नाना वळतील म्हणून. नाना वळले नाहीत. मग वहाणांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला.

मला वाटलं, आता नाना माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. चित्राकडे बोट करून ते म्हणाले, “गळ्याचं बटण उघडं दाखवलंयस. ते लावलेलं होतं.”

“नव्हतं, नाना. तुम्हाला घाम आला होता. तुम्ही सारखा रुमाल फिरवत होतात.”

“मी पाहुण्यांसमोर बटण उघडं टाकून बसेन?”

“बसला होतात.”

“ते तेवढं नीट कर.”

“नाही करणार.”

ते माझ्याकडे बघत राहिले. याआधी ते इतका वेळ माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिलेले मला तरी आठवत नाहीत. शेवटी हातातल्या घड्याळाकडे बघून ते म्हणाले, “मग राहू दे,” आणि निघून गेले. दीडची शिरपूर गाडी लागायची होती.

बुधवारी सुपारी फुटली नाही. आईनं आठ दिवस माझ्याशी धड बोलणं सोडलं आणि तोताराम तात्यांनी गल्लीत सांगायचं ते सांगितलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत मला बघायला कोणी आलं नाही. मंगलसाठी एक स्थळ आलं होतं, तेही माझ्यामुळे परत गेलं. ती माझ्यावर चिडून रडली आणि तिचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. मी दुसरं वर्ष पूर्ण केलं, यावल तालुक्यातल्या एका शाळेत लागले आणि तिथे एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. लग्न एकोणतिसाव्या वर्षी केलं, माझ्या पसंतीनं. मंगलचं त्याच्या आधीच झालं होतं. तिला पाटावर बसवलं नाही, खुर्ची दिली होती.

नाना त्या चित्राबद्दल माझ्याशी पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. आईशी बोलले होते. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तिनं मला सांगितलं. त्या शनिवारी ड्यूटीवरून घरी आल्यावर कपडे बदलताना ते तिला म्हणाले होते, पोरीनं हुबेहूब काढलंय, पण बापाला इतकं हुबेहूब काढू नये.

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही.